प्रोग्रॅमिंगमधले राखीव शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसी, डिप्लोमा किंवा बीसीएला गेलेली मुलंमुली राखीव शब्दांबद्दल तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक लक्षात ठेवा: प्रोग्रॅममधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी लिपीत टाइप करायचे, वेगळं सांगितलं नसेल तर सगळी लहान अक्षरं, आणि अंकही इंग्रजी.

१. राखीव शब्द म्हणजे नेमकं काय?

भाषेच्या व्याकरणाने स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतलेला शब्द. 'इफ', 'व्हाइल', 'रिटर्न' हे असे शब्द आहेत. व्हेरिएबल, फंक्शन किंवा क्लास यांना ही नावं देता येत नाहीत. सरकारी अर्जाच्या तळाशी 'कार्यालयीन उपयोगासाठी' अशी चौकट असते, तिथे आपण काही लिहायचं नसतं, तसंच हे.

कारण प्रोग्रॅम वाचण्याच्या पद्धतीत आहे. कंपायलर किंवा इंटरप्रिटर, म्हणजे आपला प्रोग्रॅम संगणकासाठी वाचणारं सॉफ्टवेअर, आधी मजकुराचे तुकडे पाडतो, त्यांना टोकन म्हणतात. अक्षरांचा एक सलग गट मिळाला की तो आपल्या यादीत आहे का एवढंच पाहिलं जातं. असेल तर राखीव शब्द, नसेल तर तुम्ही ठेवलेलं नाव. या टप्प्यावर वाक्याचा अर्थ कोणी लावलेलाच नसतो. म्हणून पायथॉनमध्ये 'क्लास = १०' लिहिताना तुमच्या मनात इयत्ता दहावी होती, याचा काही उपयोग होत नाही.

२. कीवर्ड आणि रिझर्व्ह्ड वर्ड एकच का?

रोजच्या बोलण्यात एकच. काटेकोरपणे पाहिलं तर व्याकरणात ज्याला खास अर्थ आहे तो कीवर्ड, आणि नाव म्हणून वापरायला ज्याला बंदी आहे तो राखीव शब्द. जावामध्ये 'गोटू' आणि 'कॉन्स्ट' राखीव आहेत, पण त्यांना काहीच काम नाही. बसमधली 'आरक्षित' लिहिलेली रिकामी सीट: कोणी बसलेलं नाही, तरी तुम्हालाही बसता येत नाही. उलट प्रकारही आहे, कीवर्ड असूनही राखीव नसलेले शब्द. त्यासाठी प्रश्न १० पाहा. फोरट्रान आणि पीएल-वन या जुन्या भाषांमध्ये तर राखीव शब्दच नाहीत. तिथे 'इफ' नावाचं व्हेरिएबल चालतं. वाचणाऱ्याचे काय हाल होतात, तो भाग वेगळा.

३. एकूण किती आहेत? परीक्षेत आकडा विचारतात आणि प्रत्येक पुस्तकात वेगळा असतो.

पुस्तकं बहुधा चुकलेली नसतात, आवृत्त्या वेगळ्या असतात. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीत ३२ शब्द होते, १९९९ मध्ये ३७ झाले, २०११ मध्ये ४४. पायथॉन २.७ मध्ये ३१, ३.६ मध्ये ३३ आणि ३.७ पासून ३५. 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन वाढले. जावात बरीच वर्षं ५० होते, नवव्या आवृत्तीत एकटा अंडरस्कोर राखीव झाला आणि ५१ झाले. जावाच्या 'ट्रू', 'फॉल्स', 'नल' यांना कीवर्ड न म्हणता लिटरल म्हणतात, पण नाव म्हणून तेही चालत नाहीत. काही पुस्तकं त्यांनाही मोजतात, म्हणून ५३ दिसतं. परीक्षेत नेमलेल्या पुस्तकातला आकडा लिहा.

पाठांतर करत बसू नका. पायथॉनमध्ये 'इम्पोर्ट कीवर्ड' लिहून पुढच्या ओळीत 'कीवर्ड डॉट केडब्ल्यूलिस्ट' प्रिंट केलं की तुमच्या संगणकावरच्या आवृत्तीची खरी यादी समोर येते.

४. प्रोग्रॅम अगदी बरोबर आहे, फक्त एका नावामुळे एरर यायलंय. अशी फसवी नावं कुठली?

विषयाला शोभणारी नावंच नेमकी फसवतात. पायथॉनमध्ये निकालाचा प्रोग्रॅम लिहिताना उत्तीर्णांच्या संख्येला 'पास' नाव द्यावंसं वाटतं. 'पास' राखीव आहे, 'फेल' मात्र चालतं. बेळगाव ते कोल्हापूर भाड्याच्या प्रोग्रॅममध्ये 'फ्रॉम' अडतं, 'टू' अडत नाही, म्हणून मुलं जास्तच गोंधळतात. फिजिक्सच्या तरंगलांबीला 'लॅम्डा' म्हणायला जावं तर तोही राखीव. आणि उसाचा एकरी उतारा काढताना 'यील्ड = ४५' लिहिलं तर पायथॉन नुसतं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' न म्हणता 'यील्ड एक्स्प्रेशनला किंमत देता येत नाही' अशा अर्थाचं काहीतरी सांगतो. यील्ड एक्स्प्रेशन हा प्रकार पहिल्या वर्षात कोणी शिकवलेला नसतो, त्यामुळे त्या संदेशाचा अर्थ लागत नाही.

सी भाषेत हजेरीसाठी 'रजिस्टर', रिक्षाच्या भाड्यासाठी 'ऑटो', सहकारी संघासाठी 'युनियन', थकबाकीदारासाठी 'डिफॉल्ट' आणि कोर्टातल्या दाव्यासाठी 'केस' ही नेहमीची पाच.

उपाय एकच: नावाला एक शब्द जोडा. 'पास_संख्या', 'ऑटो_भाडे', 'ऊस_यील्ड'. राखीव शब्द पूर्ण टोकन असेल तरच अडतो; मोठ्या नावाचा भाग असेल तर अडत नाही.

५. इंग्रजी नाव नको म्हणून मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिला, तरी एरर. असं कसं?

स्पेलिंग योगायोगाने जुळलं म्हणून. दोन उदाहरणं पुन्हा पुन्हा येतात.

'चार' हा आकडा इंग्रजी अक्षरांत लिहिला की सी आणि जावातला 'कॅर' हा प्रकार तयार होतो. सीमध्ये 'इंट चार = ४' असं लिहिलं तर जीसीसी हा कंपायलर म्हणतो की एकाच घोषणेत दोन डेटा प्रकार दिलेत. त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे.

दुसरं 'वार'. सोमवार-मंगळवार साठवायला जावास्क्रिप्टमध्ये तीन अक्षरी व्हेरिएबल केलं की ते राखीव 'व्हार' होतं आणि ब्राउझर 'अनपेक्षित टोकन' म्हणतो. कन्नडमध्येही 'वार' हा शब्द असल्यामुळे बेळगावच्या वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही घरची मुलं इथे सारखीच अडकतात. मधला स्वर दुहेरी लिहिला, म्हणजे 'ए' हे अक्षर दोनदा टाइप केलं, की दोन्ही अडचणी सुटतात.

६. एरर बरोबरच्या चिन्हावर दाखवतोय. तिथे तर काहीच चूक नाही!

चूक त्याच्या आधीच्या शब्दात आहे. उत्तम नमुना म्हणजे नकाशाचा प्रोग्रॅम. बेळगावचा अक्षांश सुमारे १५.८५, रेखांश सुमारे ७४.५. सीमध्ये 'डबल लॅट = १५.८५' चालतं. पुढच्या ओळीत 'डबल लाँग = ७४.५' लिहिलं की एरर, आणि बोट बरोबरच्या चिन्हाकडे.

घडतं ते असं. सी भाषेत 'लाँग डबल' हा खरा प्रकार आहे आणि शब्दांचा क्रम उलटा केला तरी तो चालतो. म्हणून कंपायलर 'डबल लाँग' हा एकच प्रकार समजतो आणि आता नाव येईल म्हणून थांबतो. नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह येतं. तक्रार तिथे होते. 'इंट लाँग', 'इंट शॉर्ट', 'इंट ऑटो' यांचीही हीच गत. सवय अशी लावा: जिथे बोट दाखवलं आहे त्याच्या लगेच डावीकडचा शब्द आधी तपासायचा.

७. मोबाईलवर प्रोग्रॅम लिहिलाय, 'इफ'ची ओळ अगदी पुस्तकातल्यासारखी आहे. तरी चालत नाही.

पहिलं अक्षर कॅपिटल झालं आहे का पाहा. मोबाईलचा कीबोर्ड ओळीच्या सुरुवातीला आपणहून कॅपिटल करतो. सी, जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. कॅपिटलने सुरू होणारा 'इफ' हे त्यांच्या लेखी एक साधं नाव. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'ऑटो कॅपिटलायझेशन' बंद करा.

गोम अशी की सगळ्या शब्दांना सारखा एरर येत नाही. पायथॉनमध्ये कॅपिटल 'फॉर' किंवा कॅपिटल 'रिटर्न'च्या पुढे काही लिहिलं असेल तर सिंटॅक्स एरर लगेच. पण एकट्याच ओळीत असलेला कॅपिटल 'ब्रेक' किंवा 'पास' व्याकरणात बसतो, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होतो आणि नेमकी ती ओळ आली की 'नेम एरर' देतो. लूप त्या फांदीत गेलाच नाही तर चूक महिनाभर लपून राहील.

उलट पायथॉनचे 'ट्रू', 'फॉल्स' आणि 'नन' कॅपिटलनेच सुरू व्हावे लागतात. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत राखीव शब्दांना लहान-मोठ्याचा फरक नाही.

८. 'प्रिंट', 'मेन', 'इन्क्लूड', 'स्ट्रिंग' हे राखीव आहेत का? एडिटरमध्ये रंगीत तर दिसतात.

नाहीत. सीमधला 'प्रिंटएफ' हे लायब्ररीतलं फंक्शन, 'मेन' हे ठरलेल्या नावाचं फंक्शन, 'इन्क्लूड' आणि 'डिफाइन' या प्रीप्रोसेसरच्या सूचना, जावामधली 'स्ट्रिंग' हा क्लास. सीमध्ये 'इंट डिफाइन = ५' बिनतक्रार चालतं. मात्र 'साइजऑफ' फंक्शनसारखा दिसत असला तरी राखीव आहे. एमसीक्यूत हमखास येतो.

रंगावर विसंबू नका, किंवा रंगाचा अर्थ माहीत करून घ्या. पायथॉनच्या आयडल या एडिटरमध्ये मूळ रंगसंगती असेल तर राखीव शब्द नारिंगी आणि तयार फंक्शनं जांभळी दिसतात. नारिंगीला हात लावायचा नाही. जांभळ्याला लावता येतो, पण लावला की काय होतं ते पुढच्या उत्तरात.

९. 'लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल' असं यायलंय. 'लिस्ट' राखीव आहे का?

राखीव नाही, दुखणं तेच आहे. आमच्या मते नवशिक्याला खरा त्रास राखीव शब्दांचा होत नाही, या राखीव नसलेल्या शब्दांचा होतो. राखीव शब्द चुकीच्या जागी आला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, ओळ समोर दिसते, दोन मिनिटांत काम मिटतं. 'लिस्ट', 'सम', 'मॅक्स', 'इनपुट', 'एसटीआर' ही नावं मात्र पायथॉन तुम्हाला बिनदिक्कत वापरू देतो. तुम्ही पाचव्या ओळीत 'सम = ०' लिहिता, चाळिसाव्या ओळीत बेरीज करायला 'सम' फंक्शन बोलावता, तेव्हा ते फंक्शन राहिलेलंच नसतं, तिथे एक संख्या बसलेली असते. एरर चाळिसाव्या ओळीवर, चूक पाचव्या.

नाव बदलूनही एरर जात नसेल आणि तुम्ही कोलॅब किंवा ज्युपिटरच्या नोटबुकमध्ये असाल, तर ओळ पुसल्याने काही होत नाही. जुनी किंमत स्मृतीत असते. 'डेल सम' अशी आज्ञा एकदा चालवा किंवा मेनूतून रनटाइम रीस्टार्ट करा. मूळ फंक्शन परत मिळतं.

हाच प्रकार फाइलच्या नावात होतो. रँडम संख्यांचा सराव म्हणून फाइलला 'रँडम डॉट पीवाय' नाव दिलं की 'इम्पोर्ट रँडम' केल्यावर पायथॉन तुमचीच फाइल उचलतो. टर्टलचंही तसंच, आणि प्रश्न ३ मधली यादी पाहायला केलेल्या फाइलला 'कीवर्ड डॉट पीवाय' म्हटलं तर तीच गत. फाइलचं नाव बदला.

१०. पायथॉनमध्ये 'मॅच' कीवर्ड आहे म्हणतात, पण माझं 'मॅच' नावाचं व्हेरिएबल चालतं. कसं?

'मॅच' हा सॉफ्ट कीवर्ड आहे: ठरावीक जागी आला तरच खास अर्थ, एरवी साधं नाव. सीमाभागात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. 'हाल' मराठीत ऐकला तर कोणाची तरी दशा, आणि कन्नड बोलणाऱ्या गवळ्याने 'हालु' म्हटलं तर दूध. ऐकणारा आधीच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखतो.

'मॅच' हा शब्द पायथॉनमध्ये ३.१० व्या आवृत्तीत आला. तोवर हजारो प्रोग्रॅममध्ये या नावाची व्हेरिएबलं होती. ती मोडू नयेत म्हणून ही सोय. 'केस' आणि एकटा अंडरस्कोर त्याच गटात, ३.१२ पासून 'टाइप'ही. जावातले 'व्हार' आणि 'रेकॉर्ड' असेच, त्यामुळे प्रश्न ५ मधलं 'वार' जावात व्हेरिएबल म्हणून चालून जातं.

११. घरी चालणारा सीचा प्रोग्रॅम लॅबमधल्या टर्बो सीमध्ये चालत नाही. कारण काय?

दोन शक्यता. टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर नवी फाइल 'सीपीपी' या एक्स्टेन्शनने उघडतो, म्हणजे तुमचा सीचा प्रोग्रॅम सी प्लस प्लस म्हणून तपासला जातो. मग 'न्यू', 'क्लास', 'धिस', 'डिलीट', 'फ्रेंड' ही सीमध्ये निर्धास्त असलेली नावं राखीव होतात. फाइल 'डॉट सी' नावाने सेव्ह करा.

दुसरी शक्यता: टर्बोने आपले काही जादा शब्द ठेवले आहेत. अंतराच्या प्रोग्रॅममधली 'निअर' आणि 'फार' ही नावं तिथे अडतात. 'ह्यूज', 'इंटरप्ट', 'पास्कल' हीसुद्धा.

उलट दिशेनेही अडतं. 'बूल' आणि 'नेमस्पेस' आजच्या सी प्लस प्लसमध्ये आहेत, टर्बोला ते ठाऊक नाहीत.

१२. पूर्वी चालणारं सॉफ्टवेअर नवी आवृत्ती टाकल्यावर बंद पडलं. राखीव शब्द वाढतात का?

वाढतात, क्वचित कमीही होतात. पायथॉन २ मध्ये 'प्रिंट' राखीव होता, ३ मध्ये तो साधं फंक्शन झाला. जुन्या पुस्तकातला कंस नसलेला प्रिंट आज एरर देतो तो म्हणून. 'असिंक' राखीव झाला तेव्हा ज्या लायब्ररींनी पॅरामीटरला ते नाव दिलं होतं त्या ३.७ वर मोडल्या. अशा वेळी लायब्ररी अपडेट करायची असते, आपल्या कोडमध्ये शोधत बसायचं नसतं.

शाळा-कॉलेजांच्या निकालाच्या डेटाबेसला सर्वांत जास्त बसलेला फटका मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा. ५.७ वर 'रँक' नावाचा कॉलम चालत होता, ८.० मध्ये 'रँक' राखीव झाला. 'ग्रुप्स', 'सिस्टिम' आणि 'रो_नंबर' यांचंही तेच. अपग्रेड करण्याआधी कॉलमची नावं नव्या यादीशी ताडून घ्या.

१३. एसक्यूएलमध्ये 'ऑर्डर' नावाचं टेबल करताच १०६४ एरर का?

'ऑर्डर बाय'मुळे 'ऑर्डर' राखीव आहे. कुंद्याच्या दुकानाच्या मागण्या नोंदवायच्या असतील तर टेबलाचं नाव अनेकवचनी 'ऑर्डर्स' ठेवा, ते चालतं. रक्तगटासाठी 'ग्रुप', वर्णनासाठी 'डेस्क' हे संक्षिप्त रूप आणि 'की' हीसुद्धा अडतात. 'डेट', 'नेम', 'स्टेटस' मायएसक्यूएलमध्ये चालतात. ओरॅकलमध्ये मात्र 'डेट', 'नंबर', 'लेव्हल' चालत नाहीत, म्हणून एका लॅबची क्वेरी दुसऱ्या लॅबमध्ये अडते.

नाव बदलता येत नसेल तर ते खुणांमध्ये घाला. मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, म्हणजे एस्केपच्या खालची खूण. ओरॅकल आणि पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये दुहेरी अवतरण. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस. मायएसक्यूएलला मूळ सेटिंगमध्ये दुहेरी अवतरण दिलं तर एरर येत नाही, त्याहून वाईट होतं: तो मजकूर समजतो आणि प्रत्येक विद्यार्थ्यासमोर क्रमांकाऐवजी 'रँक' हा शब्दच छापतो. आणि ओरॅकल-पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एकदा अवतरणात नाव दिलं की लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी धरली जातात; पुढे प्रत्येक क्वेरीत अवतरण लिहावं लागतं. म्हणून नाव बदलणंच स्वस्त पडतं. मायएसक्यूएलमध्ये एक पळवाट आहे: टेबलाचं नाव आणि टिंब देऊन लिहिलेल्या कॉलमला, जसं 'निकाल डॉट रँक', बॅकटिक लागत नाही.

१४. कॉलमचं नाव 'क्लास' आधीच ठरलेलं आहे, बदलता येत नाही. पायथॉनमध्ये काय करू?

व्हेरिएबलला शेवटी अंडरस्कोर लावा: 'क्लास_'. हा सर्वमान्य संकेत आहे. डिक्शनरीची 'की' किंवा पांडास या लायब्ररीतल्या तक्त्याचा कॉलम असेल तर काहीच करायला नको, कारण अवतरणातला शब्द हा मजकूर असतो आणि टोकनांच्या यादीशी त्याची तुलना होत नाही. चौकोनी कंस आणि अवतरण वापरा. टिंब देऊन लिहिलेला 'क्लास' चालणार नाही. 'रँक' नावाचा कॉलम टिंबाने मागितला तर एरर येत नाही, पण कॉलमऐवजी पांडासचं त्याच नावाचं फंक्शन हातात पडतं. इथेही चौकोनी कंसच.

बाकीच्या भाषांत: सी शार्पमध्ये शब्दाआधी ॲट द रेटची खूण, कोटलिन आणि स्विफ्टमध्ये बॅकटिक, रस्टमध्ये 'आर' आणि हॅशची खूण.

१५. व्हेरिएबलची नावं सरळ देवनागरीत दिली तर? मग राखीव शब्दांशी भांडणच नको.

पायथॉन ३, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये चालतात. 'गुण = ७२' लिहा, 'गुण' प्रिंट करा, होतं. राखीव शब्द मात्र इंग्रजीतच राहतात. भांडण मिटतं ते एक, आणि सुरू होतं दुसरं.

पहिलं 'ऱ्य'चं. 'शेतकऱ्याचे' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: टिंबवाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य अक्षर. पडद्यावर दोन्ही सारखेच. पायथॉन दुसरा प्रकार नाकारतो आणि यू+२००डी हे न दिसणारं अक्षर अवैध असल्याचं सांगतो. जावास्क्रिप्ट दोन्ही घेतो, पण ती दोन वेगळी व्हेरिएबलं होतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह र ची कळ दाबली की टिंबवाला ऱ मिळतो, तोच वापरा.

दुसरं 'ॲ'चं. हे एक अखंड अक्षर म्हणूनही येतं, आणि अ वर चंद्र देऊनही येतं. पायथॉनला ती दोन वेगळी नावं वाटतात. एका ओळीत कॉपी करून आणलेलं आणि दुसरीत स्वतः टाइप केलेलं असलं की 'नेम एरर', आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. आमचा सल्ला: सरावाला देवनागरी नावं जरूर वापरा, ज्या प्रोग्रॅमवर कन्नड मित्रही काम करणार आहे तिथे इंग्रजी लिपी बरी.

१६. आणि अंक देवनागरीत दिले तर?

प्रोग्रॅमच्या मजकुरात किंमत म्हणून देवनागरी ५ लिहिला तर पायथॉन अवैध अक्षर म्हणून थांबतो. नावाच्या मध्ये किंवा शेवटी तोच अंक चालतो, म्हणजे 'गुण५' हे वैध नाव आहे, '५गुण' नाही. आणि वापरणाऱ्याने 'इनपुट'ला देवनागरी ५ टाइप केला, तर 'इंट' त्याचा बरोबर पाच करतो.